दया कुणावर करायची, कशी करायची, कुठपर्यंत करायची: ख्रिस्ती माणसाला नेहमी पडणारे प्रश्न

उपासना संपल्यावर, घरसभेत, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. उत्तरं आपल्या मराठवाड्यातल्या जगण्याला धरून दिलीत. शास्त्रातले संदर्भ सोबत आहेत, ते स्वतः उघडून वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

दया करा, दया करा असं सगळेच सांगतात. पण नेमकं करायचं काय असतं?

लूक १०:२५-३७ उघडा. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता डोंगरातला, निर्जन, लुटारूंसाठी बदनाम. एका माणसाला लुटून, मारून अर्धमेला टाकून दिलंय. याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित येतो, बघतो आणि पलीकडच्या बाजूनं निघून जातो. लेवी म्हणजे मंदिरातला सेवक येतो, तोही तसाच जातो. मग एक शोमरोनी येतो, आणि यहुदी-शोमरोनी म्हणजे पिढ्यानपिढ्यांचं वैर, एकमेकांशी व्यवहार नाही की उठबस नाही. त्याला कळवळा आला असं येशू सांगतो, पण तिथं थांबत नाही, पुढचं एकेक काम सांगतो. तो जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवलं म्हणजे आपण पायी चालला, उतारशाळेत नेलं, तिथं सांभाळलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी मालकाच्या हातावर ठेवून म्हणाला की जास्त लागले तर परत येताना देतो.

याजकाला आणि लेव्याला वाईट वाटलंच नसेल असं काही लिहिलेलं नाही. वाटलं असेलही. पण त्यांचा वेळ, त्यांचं जनावर आणि त्यांचा पैसा त्यांच्याकडंच राहिला. आपल्याकडं सोलापूर-धुळे हायवेला बीड-गेवराईकडं मोटारसायकलचा अपघात झाला की दहाजण मोबाईल काढून उभे राहतात आणि उचलायला कुणी पुढं येत नाही, कारण भीती असते की पोलीस आपल्यालाच धरून बसवतील. तर हे माहीत असू द्या, २०१६ साली सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर जबरदस्ती करता येत नाही, नाव सांगायचं का नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. कायद्यात अशा माणसाला 'गुड समॅरिटन' म्हणजे चांगला शोमरोनी म्हणतात, ते याच दाखल्यावरून. १०८ ला फोन लावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.

दया केल्यानं तारण म्हणजे पापातून सुटका मिळते का?

नाही. इफिस २:८-९ स्पष्ट आहे, तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. तीताला लिहिलेल्या पत्रात (३:५) तर सरळ म्हटलंय की आपल्या नीतीच्या कामांमुळं नाही तर त्याच्या दयेमुळं त्यानं आपल्याला तारलं. पण बरेच जण इफिस २:९ ला थांबतात आणि पुढचं वचन, १०, वाचतच नाहीत. त्यात लिहिलंय की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय. आणि याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून पाठवणाऱ्याला विचारलंय की याचा काय उपयोग. तारणासाठी दया नाही, पण तारण झालेल्या माणसात दया दिसलीच नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजावं.

'जे दयाळू ते धन्य, कारण त्यांच्यावर दया होईल' (मत्तय ५:७). हा देवाशी व्यवहारच झाला ना, मी दया करतो तू पण कर?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर. उत्तर मत्तय १८:२१-३५ मध्ये आहे. एका चाकराकडं राजाचं दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशोब करा, सहा कोटी दिवसांची मजुरी होते. येशूनं मुद्दामच असा आकडा घेतलाय जो सात जन्म राबला तरी फिटणार नाही. चाकर पाया पडून काय म्हणतो, 'मला सांभाळून घ्या, सगळं फेडतो'. राजाला माहिती आहे की हा फेडू शकत नाही. तो मुदतवाढ देत नाही, सगळंच सोडून देतो. हा चाकर बाहेर पडतो आणि त्याला त्याचाच सोबतचा चाकर भेटतो ज्याच्याकडं याचे शंभर दिनार आहेत. शंभर दिवसांची मजुरी, म्हणजे अगदीच किरकोळ नाही बरं का, गरिबाला ती जड आहे. तो त्याचा गळा धरतो, आणि समोरचा तेच शब्द बोलतो जे यानं राजासमोर काढले होते, तरी याला आठवत नाही.

म्हणजे क्रम काय आहे बघा. राजाची दया पहिली आहे. माझी दया नंतरची, आणि ती पण दुसऱ्याच्या पैशातून दिल्यासारखीच, कारण माझ्याकडं जे आहे ते सगळं माफ झालेल्या कर्जातूनच उरलंय. व्यवहार तेव्हा म्हणता आला असता जेव्हा मी आधी काही दिलं असतं.

हा दाखला बीड, धारूर, वडवणी, पाथरी या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी काय असते हे त्याला माहितीय. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास जोडी म्हणजे एक कोयता मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जाते, उचल ऊस तोडून फेडायची असते, मधेच बाई आजारी पडली, लेकरू दगावलं, पाऊस आला, कारखाना लवकर बंद झाला की उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या सालावर चढते. साल-दर-साल तेच. आता समजा तो मुकादम विश्वासणारा आहे, दर रविवारी उपासनेला बसतो. त्याच्यावर पण कारखान्याचा ताण असतो, त्याचे पण पैसे बुडवून लोक पळतात, हे सगळं मान्य. तरी पण ज्या बाईची खरंच गर्भपिशवी काढायची वेळ आली आणि ती सालभर कामाला उभी राहू शकत नाही, तिच्या नवऱ्याला धमकावून नेण्याआधी त्याला मत्तय १८ आठवलं पाहिजे. बाकी सोडून देणं, निम्मी सोडणं, निदान तिच्या पोराला कोयत्याला न जुंपणं, काहीतरी. माझं मत असं की दया आपण भिकाऱ्याला काय देतो यात कमी कळते, आणि ज्याच्यावर आपला वरचष्मा आहे, जो आपल्याला देणं लागतो, ज्याला आपल्यापुढं बोलता येत नाही, त्याच्याकडून आपण काय वसूल करतो यात जास्त कळते. उधारीची वही असलेला किराणावाला, पगार देणारा मालक, सासू, वर्गावरचे सर, सगळ्यांना हे लागू.

सख्ख्या भावानं बांध कोरून माझी जमीन घेतलीय. दया करायची म्हणून गप्प बसू का?

नाही. मोजणी आणा, भूमी अभिलेखला अर्ज करा, लागलं तर तहसीलदाराकडं जा. दया म्हणजे खोट्याला खरं म्हणणं नव्हे, आणि भावाला लबाडी पचू देणं हे त्याच्यावर उपकार नाहीत.

पण मग दया कुठं येते? मोजणीवाले येतात, खुणा लागतात, तुमचं खरं निघतं, आणि आता भाऊ खाली मान घालून उभा आहे. गाव बघतंय. त्या वेळी तुम्ही काय बोलता तिथं. त्याच्या पेरलेल्या पिकात नांगर घालता का खळं होईपर्यंत थांबता, तिथं. पुढच्या वैशाखात त्याच्या लेकीचं लग्न आहे, जाता का नाही, तिथं. योनाचं पुस्तक वाचा, चारच अध्याय आहेत. माशाच्या पोटातून स्वतः वाचलेला माणूस निनवे या शत्रूच्या शहरावर देवानं दया केली म्हणून रुसून बसतो, आणि देव त्याला विचारतो की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ जनावरं तिथं आहेत, त्यांची मी पर्वा करू नये का? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. भाऊबंदकीत अडकलेल्या प्रत्येकानं ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

नवरा मारतो. पास्टर म्हणतात क्षमा कर, दया कर, घर मोडू नको. मी काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. माहेरी, शेजारी, बहिणीकडं, जिथं जीव सुरक्षित आहे तिथं. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे, ११२ वर पोलीस येतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण मागता येतं.

आणि शास्त्राचं म्हणाल तर १ शमुवेल २४ वाचा. शौल राजा दावीदाला मारायला तीन हजार माणसं घेऊन फिरतोय, एन-गेदीच्या गुहेत तो दावीदाच्या हातात सापडतो, दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो पण जीव घेत नाही. ही दया. शौल रडतो, तू माझ्यापेक्षा चांगला आहेस म्हणतो. मग अध्यायाच्या शेवटी काय लिहिलंय? शौल घरी गेला, आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. राजवाड्यात परत नाही गेला. दावीदानं सूड घेतला नाही आणि शौलाच्या भाल्याच्या टप्प्यात पण परत गेला नाही, आणि यासाठी शास्त्र त्याला कुठंच दोष देत नाही. मार खाणाऱ्या बाईला 'परत जा' म्हणणाऱ्या माणसानं हा अध्याय तिच्यासोबत बसून वाचावा.

दया फक्त मंडळीतल्यांवर करायची का सगळ्यांवर?

सगळ्यांवर. गलती ६:१० मध्ये विश्वासाच्या घराण्याचा विशेष उल्लेख आहे पण त्याच वचनात आधी 'सर्वांचं' आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, लोक झोपेत होते, दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. ढिगारा उपसताना खाली कोण आहे हे कुणी विचारलं नाही. तीच रीत रोजची असावी एवढंच.

तुम्ही लोक मदत करता म्हणजे धर्म बदलायला लावता, असं गावात म्हणतात. काय उत्तर द्यावं?

आधी स्वतःला विचारावं की आपल्या मदतीला अट आहे का. असेल तर गावाचं म्हणणं बरोबर आहे आणि ती अट काढून टाकावी. लूक १७:११-१९ मध्ये येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. एकच परत आला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठं आहेत असं येशूनं विचारलं खरं, पण त्या नऊ जणांचं कुष्ठ परत आलं असं काही लिहिलेलं नाही. बरे झाले ते झाले. आपली मदत अशी असावी. कुणी विचारलं की हे का करता, तर येशूमुळं करतो असं सांगायला लाजू नये, आणि कुणी विचारलं नाही तर भाकरी देताना भाषण देऊ नये.

आमच्याकडंच काही नाही, दोन साल पिकलं नाही. आम्ही काय दया करणार?

१ राजे १७. दुष्काळ पडलाय, एलीया सारफथच्या विधवेकडं जातो, तिच्याकडं मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल, ती दोन काटक्या वेचतेय की शेवटची भाकर करून मायलेकरानं खावी आणि मरावं. त्या बाईच्या हातून देवानं आपल्या संदेष्ट्याला जगवलं, आणि तिचं पीठ-तेल पण दुष्काळभर संपू दिलं नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना यातलं काही नवीन नाही, ७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या घरांनी शेजारच्या लेकराला घास दिलाच होता. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा घागर मोजून मिळत होती, त्यातली अर्धी घागर शेजारच्या म्हातारीच्या दारात ठेवणं ही पैशावाल्याच्या मोठ्या देणगीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे दया पैशानंच होते असं कुणी सांगितलं. संभाजीनगरच्या घाटीत म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन बघा. परभणी, हिंगोली, जालन्याकडून पेशंट घेऊन आलेला माणूस सकाळी केस पेपरच्या लाईनीत उभा राहतो, मग त्याला सांगतात की अमुक नंबरच्या ओपीडीत जा, तिथून रक्ताच्या तपासणीला, तिथून सोनोग्राफीला, त्याला वाचता येत नाही, पाटी कळत नाही, पेशंटला एकटं सोडता येत नाही आणि सोडल्याशिवाय लाईनीत उभं राहता येत नाही. रात्री तो व्हरांड्यात पोतं टाकून झोपतो. अशा माणसासोबत एक दिवस फिरणं, त्याचा नंबर लावणं, योजनेच्या कागदासाठी त्याचं रेशन कार्ड झेरॉक्स करून आणणं, दुपारी दोन भाकरी आणि पिठलं देणं, यात खर्च किती? पण त्याला विचारा ते काय असतं. आमच्या मंडळीतल्या काही बाया हे करतात, त्यांच्यातल्या कुणालाच फार शिक्षण नाही, पण कुठली खिडकी किती वाजता उघडते हे त्यांना तोंडपाठ आहे.

शेतात, कामावर दया कशी दाखवायची? धंदा म्हटल्यावर कडक राहावंच लागतं.

कडक राहा पण मजुरी वेळेवर द्या. अनुवाद २४:१४-१५ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. 'सोयाबीन विकल्यावर देतो' म्हणून बायांना चार-चार हेलपाटे मारायला लावणं हे या वचनाच्या उलट आहे. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या असं आहे. रूथ हाच सरवा वेचायला बवाजाच्या शेतात गेली. बवाजानं तर गड्यांना सांगितलं की पेंढ्यातून मुद्दाम काही कणसं पाडा आणि तिला धमकावू नका (रूथ २:१६). मला हे 'मुद्दाम पाडा' फार आवडतं. तिच्या हातात त्यानं थेट पोतं दिलं असतं तर ती उपकाराखाली दबली असती, यात तिनं आपल्या कष्टानं मिळवलं. आपल्याकडं जवारी, हरभरा, भुईमूग निघाल्यावर सरवा वेचायला बाया येतात त्यांना हाकलू नका.

दारू पिणाऱ्याला पैसे द्यावेत का?

रोख नको. जेवू घाला, गोळ्या-औषध घेऊन द्या, घरी बायको-लेकरं असतील तर किराणा तिच्या हातात द्या. आणि त्याला सोडवायला सोबत चालणारा कुणी असेल तर ती त्याच्यावरची खरी दया.

मदतीचे फोटो स्टेटसला टाकले तर चालतात का? इतरांना प्रेरणा मिळते.

मत्तय ६:३, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. ब्लँकेट घेताना मान खाली घातलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याच्या नातवानं उद्या मोबाईलवर बघितला तर त्याला कसं वाटेल? हिशोब दाखवायचा असेल तर बिलाचा फोटो टाका.

कॅथलिक लोक 'दयेची कृत्ये' म्हणतात ते काय आहे?

सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक अशी चौदा कामं त्यांच्या परंपरेत सांगितलीत. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट ही सहा मत्तय २५ मधून येतात आणि सातवं, मेलेल्याला मूठमाती देणं. आध्यात्मिकमध्ये दुःखी माणसाचं सांत्वन, चुकणाऱ्याला सांभाळून सांगणं, अपराधाची क्षमा, त्रास देणाऱ्याला सहन करणं, जिवंत आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना वगैरे. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०१६ हे दयेचं विशेष वर्ष जाहीर केलं होतं. आपण प्रॉटेस्टंट असलो तरी त्यातली कैद्याची भेट आणि बेवारस माणसाला मूठमाती ही दोन कामं आपल्या मंडळ्यांमधून जवळजवळ गायबच आहेत, ती त्यांच्याकडून शिकावीत.

आपल्या भागात असं काम आधी कुणी केलंय?

जालन्याला विचारा. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, पुढं जालन्यात आले, आणि ज्यांना गावात पाणवठ्याला शिवू देत नव्हते अशा मांग-महार कुटुंबांसोबत राहिले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. मराठी मुलखात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली गोळा करून केडगावला आणल्या. त्यांना नुसतं खाऊ घालून त्या थांबल्या नाहीत, लिहायला-वाचायला आणि हातानं कमवायला शिकवलं.

मला दयाच येत नाही. मन कोरडं पडलंय.

मग त्या जकातदारासारखी प्रार्थना करा, जो दूर उभा राहून, वर बघायची पण हिंमत न करता 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' एवढंच म्हणाला (लूक १८:१३). आणि कळवळा यायची वाट बघत बसू नका. डबा घेऊन जा, कळवळा बऱ्याचदा मागून येतो. कुणाकुणाला दुसऱ्याचं करून करून थकल्यामुळं पण कोरडं वाटतं, त्यांनी आठ दिवस आराम करावा, तेही ठीक आहे.

आमची मंडळी छोटी आहे. सुरुवात कुठून करू?

ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरापासून करा. दिवाळी झाली की गाडी भरून जवान माणसं जातात आणि मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात, ती गुढीपाडव्यापर्यंत. त्यांची यादी करा, ख्रिस्ती-बिगर ख्रिस्ती बघू नका. आठवड्यातून एकदा कुणीतरी जायचं, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात का, रेशन आणलं का, लेकरू शाळेत जातं का एवढं बघायचं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपात गडबड झाली, काहींच्या विधवा सुटू लागल्या, कुरकुर वाढली, तेव्हा मंडळीनं चांगल्या नावाची सात माणसं त्याच कामाला नेमली. तुम्ही दोन-तीन नेमा, त्यात एक बाई असू द्या कारण म्हातारी बाई पुरुषाला सगळं सांगत नाही. अर्पणातून थोडी रक्कम बाजूला काढा, पेटीची किल्ली एकाकडं आणि वही दुसऱ्याकडं ठेवा, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वही सगळ्यांसमोर वाचा, फक्त मदत घेतलेल्यांची नावं वाचू नका.